पेशी, पण कोर्टातली नव्हे

आमच्या घरी बोलणं मराठी पण माझी शाळा हिंदी मीडियमची, त्यामुळे बायोलॉजी डोक्यात "कोशिका, ऊतक" अशीच बसलेली. आता लेक अकरावीत गेली, तिची पुस्तकं इंग्लिश, म्हटलं आपणही पहिल्यापासून शिकू. यूट्यूबवर एक मराठी व्हिडिओ लावला, सर म्हणाले "सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं" आणि पेपर वाचणारे सासरे दचकून म्हणाले, "कोणाची पेशी आहे गं आज?" रामबागेतल्या घराचा खटला इतकी वर्षं चाललाय की आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीखच. सरांची पेशी म्हणजे माझी कोशिका, इंग्लिशमधला सेल, शरीर जिच्यापासून बनतं ती लहानात लहान जिवंत वीट. हिंदीत मात्र शरीरातली पेशी म्हणजे मांसपेशी, मराठीत तिला स्नायू म्हणायचं, आणि हिंदी पुस्तकातला स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधणारा लिगामेंट. घ्या!

शेवटी शब्द सोडले अन् कांदा घेतला. भाच्याचा मायक्रोस्कोप माळ्यावर पडून होता. कांद्याची पाकळी मोडली की आतल्या बाजूने पातळ पापुद्रा सुटतो ना, तो पाण्याच्या थेंबात पसरला, वर आयोडीन. काळ्या कडेच्या गोल गोल टरटरीत टिकल्या दिसल्या, म्हटलं ह्याच पेशी, मी खुश, लेक म्हणाली "आई, ते हवेचे बुडबुडे आहेत." वरची काच तिरकी टेकवून हळूच सोडायची असते, मी थापली होती. दुसऱ्या वेळेला मात्र दिसलं, विटांची भिंत रचल्यासारख्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारं केंद्रक. रॉबर्ट हूकने १६६५ मधे बुचाचा काप पाहून सेल हा शब्द वापरला, पण त्याला दिसल्या त्या नुसत्या रिकाम्या खोल्या, बूच मेलेलं होतं. माझा कांदा तर सकाळच्या पोह्यांतून उरलेला, जिवंत! हिरवे कण मात्र कुठेच नव्हते, पुस्तकातल्या चित्रात तर ठळक असतात. कांदा जमिनीत वाढतो, उजेडच नाही तर उजेडात अन्न बनवणारे हे हिरवे कण, हरितलवक, हवेत कशाला.

मग लाल कांद्याच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल घेऊन लेकीने काचेच्या कडेने मिठाचं पाणी सोडलं. थोड्या वेळात जांभळा रंग आकसून पेशीच्या भिंतीपासून सुटायला लागला, मिठामुळे पेशीतलं पाणी बाहेर चाललं होतं अन् भिंत होती तशीच. सासूबाईंनी डोळा लावून पाहिलं, म्हणाल्या, "म्हणून तर सांगते, काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालत जा."