आमची वाटचाल : दांडिया बाजारातली लॅब

बडोद्यात लॅब टाकली तेव्हा आमच्याकडे एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि सहीला डॉक्टरमॅडम. त्या एमडी पॅथॉलॉजी, मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमावाला. भाडं निम्मं-निम्मं.

मायक्रोस्कोप अजून तोच आहे. शंभरपट मोठं दाखवणारी ऑइल लेन्स मी कुणाला पुसू देत नाही. रक्तपेशी रंगवायचा लीशमनचा रंग तयार आणत नाही, पावडर मिथेनॉलमध्ये स्वतः विरघळवतो, आणि बफर द्रावणाचा पीएच (आम्लता) ६.८ आल्याशिवाय स्लाइडवर ओतत नाही. रंग जमला की मोठ्या लिम्फोसाइटच्या (ही पांढऱ्या पेशींतली एक जात) फिक्या निळ्या भागात तांबूस-जांभळे दाणे स्वच्छ दिसतात. त्यांतल्या काही नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी, काही टी-पेशी. नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढता येत नाहीत, त्याला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखून मोजणारं यंत्रच लागतं. या दाण्यांतलं परफोरिन शत्रुपेशीला भोक पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरून तिला मरायला लावतं.

मधली वर्षं बरी गेली. मग समोर 'ती' लॅब आली.

काचेचा दरवाजा, घरपोच कलेक्शन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आमच्या निम्म्या दरात. तेही एक वेळ निभलं असतं, पण डॉक्टरांकडे पाकिटं जायला लागली. आम्ही दिली नाहीत. मग काय, दिवसातून चारदा फोन करणारे ओळख विसरले. सकाळचा रॅक रिकामा, जांभळ्या बुचाच्या ट्यूब मोजून दोन-तीन. पेशी मोजायच्या मशीनचे हप्ते थकले, हिच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्या पोराला मी शीर शोधायला शिकवलं तोही समोर गेला. रस्त्यात भेटला की अजून 'काका' म्हणतो. मॅडमनी मात्र सहीचे पैसे घेणंच थांबवलं.

त्या दिवसांत रावपुऱ्याचे मास्तर आमच्याकडेच येत राहिले, आणि जुने विद्यार्थी धाडत राहिले. त्याला कारण होतं. पूर्वी त्यांच्या पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या, तेव्हा मशीनने नुसता आकडा दिला होता. स्लाइडवर कच्च्या मायलोसाइटपासून पिकलेल्या न्यूट्रोफिलपर्यंत पांढऱ्या पेशींच्या सगळ्या पायऱ्या आणि वर बेसोफिल, ही एरवी क्वचित दिसणारी जात. मॅडम म्हणाल्या, सीएमएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) वाटतोय, बीसीआर-एबीएल (त्याच्या खुणेच्या जनुकाची चाचणी) पाठवा. निघाला तोच. इमॅटिनिबची गोळी सुरू झाली आणि मास्तर ठणठणीत राहिले.

अलीकडे त्यांच्या डॉक्टरांनी गोळी थांबवून पाहण्याचा विषय काढला, तर मास्तर समोरच्यांचं 'इम्युनिटी पॅकेज'चं पत्रक घेऊन हजर. गोळी बंद करताना एनके पेशी जास्त असल्या तर आजार उलटण्याची शक्यता कमी, असं कुठंसं वाचलेलं, म्हणून त्या मोजून घ्यायच्या होत्या. चूक नाही, काही अभ्यासांत तसं दिसलंय. पण लिम्फोसाइटमध्ये एनके साधारण ५ ते १५ टक्के असतात, आणि संख्येवरून त्यांची मारण्याची ताकद कळत नाही. ल्युकेमियाच्या पेशी त्यांना लुळं पाडतात, आपल्यावरच्या धोक्याच्या खुणा झटकून टाकतात.

ताकद बघायची तर एनके पेशी के-५६२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सोडतात. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले, कारण के-५६२ मूळच्या सीएमएलच्याच एका बाईंच्या, १९७५ साली जगापुढे आलेल्या. तांबड्या पेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक निरोगी पेशी अंगावर एमएचसी-१ हे ओळखपत्र बाळगते. या पेशींवर ते जवळजवळ नाहीच. ओळखपत्र नसलेल्याला एनके सोडत नाहीत, हा स्वीडिश शास्त्रज्ञ क्लास कारे यांचा १९८६चा सिद्धांत. पत्रकात यातलं अक्षर नाही. तिथं फक्त हसरं कुटुंब आणि डिस्काउंट.

तेव्हा मंडळी, विचारलं नसलं तरी सांगतो: पॅकेज घेऊ नका. सीबीसीत गडबड दिसली तर 'स्लाइड कुणी पाहिली?' एवढं विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी थांबवली तर सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला पीसीआर (बीसीआर-एबीएल मोजणारी चाचणी) करा, पैसे तिथं घाला.

मास्तरांची पीसीआर आम्ही बाहेर पाठवतो, रक्त इथंच घेतो. कुणाच्या डॉक्टरांनी एनकेची चाचणी लिहिलीच, तर शनिवारी येऊ नका. नमुना रविवारभर पडून राहिला की पेशी मरगळतात, आणि तो रिपोर्ट मॅडम सही करणार नाहीत.