वेस्टनचे मनोरुग्णालय : तिसऱ्या फेरीची नोंद

पहिल्या दोन फेऱ्यांतील छायाचित्रे दाखवली, तेव्हा बहुतेकांनी अंगावर काटा आल्याचे सांगितले आणि काहींनी तेथे भूत दिसले का, असेही विचारले. त्या वेळी मला ती दाद वाटली होती. वेस्ट व्हर्जिनियातील वेस्टन गावचे हे मनोरुग्णालय १८६४ मध्ये सुरू झाले आणि १९९४ मध्ये बंद पडले; आता तिकीट काढून ते आतून पाहता येते. हिवाळ्यात जुन्या फाइल पुन्हा उघडल्या, तेव्हा लक्षात आले की तो काटा इमारतीपेक्षा माझ्या कामामुळे आला होता. खूप रुंद कोन टिपणाऱ्या १६ मिलिमीटरच्या लेन्समुळे व्हरांडा न संपणारा दिसत होता, कॅमेरा जमिनीलगत होता, संगणकावर मी रंग उतरवून हिरवट छटा चढवली होती आणि कोपरे काळे केले होते. मधोमध असलेली चाकाची खुर्ची तर कोणीतरी चित्रासाठीच तेथे आणून ठेवलेली असावी.

म्हणून या फेरीत ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली, तिपाई उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली आणि लेन्सचे छिद्र एफ ८ आणि प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवून प्रत्येक चौकटीची तीन एक्स्पोजर, म्हणजे कमी-जास्त प्रकाशाची तीन चित्रे, घेतली, कारण खिडकीबाहेरचा लख्ख प्रकाश आणि आतला अंधार एका एक्स्पोजरमध्ये सामावत नाही. खरे रंग जुळवण्यासाठी वापरतात त्या करड्या कार्डावरून रंगसमतोल साधल्यावर भिंतींच्या पापुद्र्यांखालून फिकट गुलाबी आणि आकाशी रंग वर आले. इमारत उबदार ठेवणारी व्यवस्था बंद झाल्यावर ओल आणि गोठण यांनी रंग सुटत जातो, इतकेच त्या पापुद्र्यांचे कारण आहे.

खरा धडा मात्र उजेडाने दिला. ही इमारत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॉ. थॉमस स्टोरी किर्कब्राइड यांच्या आराखड्यानुसार बांधलेली आहे. ऊन, मोकळी हवा आणि शांत परिसर यांनी रुग्ण बरा होतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून इमारतीचे प्रत्येक पाखे, म्हणजे बाजूला पसरलेला भाग, आधीच्या पाख्याच्या थोडे मागे सरकवले जाई, जेणेकरून सर्व कक्षांना खिडक्या आणि वारा मिळावा. सकाळी एका कक्षात उन्हाचे पट्टे जमिनीवर पसरेपर्यंत मी थांबलो, आणि ज्या उजेडासाठी हे सारे उभारले, तोच मी आधीच्या चित्रांतून पुसून टाकला होता, याचे मला मनापासून वाईट वाटले.

नव्या चित्रांवरची सर्वांत मोलाची प्रतिक्रिया माझ्या मावशीची आहे. तिने अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. रिकामा कक्ष पाहून तिने आधी खिडक्या मोजल्या आणि मग विचारले, "इथं खाटा किती लावत होते रे?" इमारत २५० रुग्णांसाठी योजलेली होती आणि १९५० च्या दशकात तेथे सुमारे २,४०० माणसे राहत होती, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग रात्री नर्सबाईला दोन खाटांमधून चालता तरी येत होतं का?" भुताचा प्रश्न तिच्या मनातही आला नाही. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' असे आपण सहज बोलून जातो. तिच्या प्रश्नानंतर मला ते बोलवत नाही.

या वाटेवर मला न्यूयॉर्क राज्यातील विलार्डच्या सुटकेसांची चित्रे मार्गदर्शक वाटतात. ते मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक सुटकेसा सापडल्या आणि जॉन क्रिस्पिन यांनी त्यांतील वस्तू छायाचित्रांत टिपल्या. तेथे घाबरवणारे काहीच नाही, तरी नजर हटत नाही.

खुर्चीचे चित्र मी संग्रहातून काढले आहे. पुढच्या फेरीत पश्चिमेकडील कक्ष दुपारच्या उन्हात घ्यायचे आहेत, आणि प्रत्येक चित्राखाली त्या खोलीचा मूळ उपयोग दोन ओळींत लिहायचा आहे. कोणी किर्कब्राइड आराखड्याच्या दुसऱ्या इमारतीत दुपारचे काम केले असेल, तर एक्स्पोजरचे आकडे जरूर कळवावेत.