बोंबलणारी गाडी

उन्हाळ्यात आमची अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. अमळनेरला पारा 44 च्या घरात गेला की दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर घरात धग सोडत राहतात. मग पाणी शिंपडून गार केलेल्या गच्च्यांवर गाद्या पडतात आणि कोण किती घोरतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा गल्लीत, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आलेली असताना, पहाटे साडेतीनला अलार्म वाजून माझी गाडी बोंबलली.

पहिल्या रात्री चोर समजून सगळ्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. दुसऱ्या रात्री कोणी वाकलं नाही. तिसऱ्या रात्री शेजारच्या गच्चीवरून आबांचा आवाज आला, "भाऊ, तुनी गाडी बोंबली राह्यनी! ऊठ ना!" चोराची धास्ती टिकते दोन रात्री. पुढं शिव्या मालकाच्या वाट्याला.

सकाळी जो तो मेकॅनिक. कोणी मांजरीवर संशय घेतला. कोणी निंबाला बांधलेल्या आखाजीच्या झोक्यावर घेतला. माहेरी आलेल्या पोरी गाडीला खेटूनच झोके घेत होत्या, हे खरं. पण त्या काही पहाटे साडेतीनला गाणी म्हणत नव्हत्या. आबांचं म्हणणं वेगळं होतं. सुरत-भुसावळ लाइन आमच्यापासून लांब नाही, आणि त्या सुमाराला एक लांबलचक मालगाडी जाते. तिच्या धडधडीनं आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणतात, तर गाडी का नाही किंचाळणार?

हे मला पटलं. अलार्म बाहेरून बसवलेला. त्याचा हादरा टिपणारा शॉक सेन्सर म्हणजे डॅशबोर्डखालची काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यावर एक बारीक स्क्रू असतो, त्यानं संवेदना कमी-जास्त होते. मी तो इतका उतरवला की बोनेटवर थाप मारली तरी गाडी ढिम्म. समाधानानं झोपलो. साडेतीनला उठलो.

मग रिमोटचा नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल बदलला. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, पण माणसाला काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही.

शेवटी गॅरेज गाठलं. मेकॅनिक पोरसवदा, बोलणं कमी. त्यानं आधी बॅटरीला मीटर लावला. बॅटरी मरायला टेकली, व्होल्टेज खाली आलं, की काही अलार्म त्यालाच चोरी समजतात. आणि आपल्याकडचं ऊन बॅटरीला लवकर म्हातारं करतं, असं त्यानं सांगितलं. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. माझी 12.5. ती निर्दोष सुटली. मग चारी दरवाजे, डिकी. तिथंही काही नाही. मग बोनेट उघडून त्यानं कडेच्या एका पिनवर बोट ठेवलं. बोनेट बंद असताना ही पिन दबलेली असते. उघडलं की स्प्रिंगनं वर येते, तिची वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते, आणि अलार्मला कळतं की कोणीतरी बोनेट उघडलं. माझ्या पिनेवर काळ्या मातीच्या धुळीचा थर होता, आत गंज. तिच्या माथ्यावरची रबरी टोपी झिजून गेलेली, म्हणून ती जेमतेमच दबत होती. गाडी जरा हादरली की टेकायची, सुटायची, टेकायची. सेन्सरचा स्क्रू मी कितीही उतरवला असता तरी काय उपयोग? बोंब दुसराच मारत होता.

म्हणजे आबांची मालगाडी अगदीच खोटी नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आखाजीच्या पुरणपोळीबरोबर तेच ऐकावं लागलं असतं.

"आज नुसती वायर काढून ठेवतो," मेकॅनिक म्हणाला. "रात्री नाही वाजला तर पिनच गुन्हेगार." नाही वाजला. दुसऱ्या दिवशी नवी पिन बसली. खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी.

त्यानंतर पाच रात्री गल्ली गाढ झोपली. सहाव्या सकाळी समोरच्या माई रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा रात्री कधी येईल याचा नेम नसतो.

"रातले पानी वनं," माई म्हणाल्या, "आन कोन्हीच उठनं नही."

आणि माझ्या गाडीकडे अशा नजरेनं पाहिलं की मी निमूट आत जाऊन पिंपातलं पाणी त्यांच्या कळशीत ओतलं. जुनी पिन अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडली आहे.