फॅन्सी नंबर

सोलापुरात सात रस्त्याला सिग्नल लागला की लोक मोबाईल काढतात, मी पुढच्या गाडीचा नंबर भागायला घेतो. मूळ संख्या आहे का बघायला, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जायला नको. सम असली किंवा शेवटी ५ आला की लगेच बाद, मग आकड्यांची बेरीज करून ३ चं बघायचं, तरी उरली तर ७, ११, १३ असं रेटत जायचं. परवा ४३९७ होती, बेरीज २३, वर्गमूळ ६६ च्या आसपास म्हणजे ६१ पर्यंत बघितलं की झालं, पण मी ३७ ला पोचलो तोवर मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसला. घरी येऊन पुरं केलं, आहे मूळ.

गंमत म्हणजे लोक आरटीओत जादा पैसे मोजून जे नंबर घेतात ते बहुतेक मूळ निघतच नाहीत. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१, मग ७७७७ काय नि ९९९९ काय, सगळ्यांना ११ ने भाग जातो. एका मित्राने हट्टाने बेरीज ९ येणारा नंबर घेतला, म्हटलं अरे मग ९ ने भाग जाणारच की त्याला, तर म्हणतो, "मग चांगलंय की बे, नऊ आतपण हाय!" आता काय बोलणार. इकडे १०,००० च्या आत १२२९ मूळ संख्या आहेत, म्हणजे साधारण आठ गाड्यांमागे एक, आणि त्यांना कोण विचारत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक ड्युरंट नावाच्या अमेरिकन माणसाला सापडलेली, तोवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. एकूण ४,१०,२४,३२० आकडे! आपल्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सेकंदाला एक आकडा असं न झोपता वाचायला बसलात तर पुढच्या वर्षीची यात्रा उलटून मे महिना लागेल. इथे भागत बसणं शक्यच नाही, म्हणून लुकास-लेहमर टेस्ट लावतात: ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा करायचे, जी तपासायची त्या संख्येने भागून बाकी ठेवायची, परत तेच, आणि ठरलेल्या फेऱ्या संपताना बाकी शून्य आली तर मूळ. नाही आली तर भाग जातो एवढंच कळतं, कशाने जातो ते नाही. हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

पण खरी मजा पुढे आहे, हीच संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर नुसते एकावर एक, तेरा कोटींहून जास्त वेळा, म्हणजे फॅन्सी नंबरच झाला की हा! अर्थात कितीही एक मांडून चालत नाही, ते किती आहेत तो आकडासुद्धा मूळ लागतो, आणि तरी गॅरंटी नाही, ११ वेळा मांडले तर २०४७ होतात आणि त्याला २३ ने भाग जातो. १३ वेळा मांडले तर मात्र ८१९१, अस्सल मूळ. आणि आपली पासिंग एमएच १३! त्यापुढे ८१९१ लावून सोलापुरात जो कोणी फिरत असेल त्याला तो नंबर बहुतेक साध्या फीमध्येच मिळाला असणार.