अध्यक्ष झाले, पण सही चालेना

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष झाले हे गावाला कळायला एक दुपार पुरली. बँकेला मात्र पावसाळा सरला, दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर पोचल्या, तरी कळेना. ज्यांच्या शाळेत यंदा निवड व्हायची आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. आणि माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणूनही.

निवडीचं आधी उरकते, कारण ते सोपं निघालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांना ही समिती करावीच लागते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आमची समिती बारा जणांची आहे. नऊ पालक, एक ग्रामपंचायत सदस्य, एक शिक्षक आणि गावातले एक निवृत्त गुरुजी. मुख्याध्यापक सदस्य सचिव. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांना मत नाही, पण बोलतात मोठ्यांपेक्षा मुद्द्याचं. मुदत दोन वर्षांची. अध्यक्ष पालकांमधूनच, आणि पालक म्हणजे ज्याचं मूल आज त्या शाळेच्या पटावर आहे तोच. गावात वजन कितीही असो, मूल चौथी पास होऊन हायस्कूलला गेलं की खुर्ची सुटली.

पुण्याच्या माझ्या जावेला हे सांगितलं तर ती हसली. तिच्या मुलीची शाळा विनाअनुदानित. तिथं पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीनं ठरते, नाव निघालं तर निघालं. आमच्याकडं निदान मत मागायला तोंड उघडावं लागतं.

तर पालक सभेत सरपंचांच्या बाजूचे लोक यादी करूनच आले होते. मुख्याध्यापक सरांनी शासन निर्णय वाचून दाखवला, वर्गवार जागा फळ्यावर लिहिल्या, आणि यादीत बायका कमी पडतात हे सगळ्यांसमोर दिसलं. दुसरीच्या एका जागेला दोन नावं आली तेव्हा खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं. बाकी हात वर करून. सभेच्या वहीवर सह्या घेऊन घरी बसल्या समिती करायची पद्धत आमच्याकडंही होती. यंदा ती मोडली ती बायका मुद्दाम कामं टाकून आल्या म्हणून. मग सदस्यांनी मला अध्यक्ष केलं. मागून कुणीतरी म्हणालंच, "अध्यक्ष झाल्या खऱ्या, पण बँकेत कोण जाणार?"

त्याच्या तोंडात साखर पडो.

समितीचं खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सहीनं चालतं. चेक आता जवळपास संपलेच. सर ऑनलाइन भरतात, त्यातून एक छापील कागद निघतो, त्याला पीपीए म्हणतात. त्यावर दोघांच्या सह्या आणि शिक्के झाले की तो बँकेत द्यायचा, मग दुकानदाराच्या खात्यात पैसे जातात. म्हणजे अध्यक्ष बदलला की बँकेत सही बदलावी लागते. सर म्हणत राहिले, "करू, ताई, पुढच्या आठवड्यात." केंद्रातल्या बैठका, प्रशिक्षणं, निवडणुकीचं काम. दसरा उजाडला.

आमचा भाग बीड जिल्ह्यातला. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं. मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृह असतं. मुलं गावातच आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळेकडून जेवतात. ते चालवायची जबाबदारी याच समितीची. किराणा, भाजी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं मानधन, सगळं समितीच्या खात्यातून. आणि खात्यावर सही कुणाची? मागच्या अध्यक्षांची. ते स्वतः बायकोला घेऊन सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "जुन्या अध्यक्षांना घेऊन या."

"ते ऊसतोडीला गेलेत."

"मग आल्यावर या."

"ते पाडव्याच्या सुमाराला येतात, साहेब."

"मग तेव्हा."

पाडव्यापर्यंत मुलांनी काय खायचं, हे त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हतं. शिवाय शाळेच्या संयुक्त अनुदानाचंही तेच. पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये बसतात, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. आमचा पट ६४. मुलींच्या स्वच्छतागृहाची पाण्याची टाकी फुटलेली. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर रक्कम परत.

पुढच्या खेपेला ठराव नेला. साहेबांनी वरून खाली वाचला आणि म्हणाले, यात नवीन अध्यक्षांची निवड आहे, पण जुन्यांची सही रद्द करावी असं कुठं आहे? म्हणून पुन्हा समितीची बैठक, पुन्हा ठराव. (तुम्ही पहिल्याच बैठकीत एकाच ठरावात तिन्ही वाक्यं घ्या: अमुक यांची निवड झाली, अमुक यांची सही रद्द करावी, खाते अमुक पदनामांच्या संयुक्त सहीनं चालवावं. खाली सूचक, अनुमोदक, हजर सदस्यांच्या सह्या आणि शाळेचा गोल शिक्का.) तो ठराव नेला तर साहेब रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या मॅडमनी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मागितलं. पंचायत समितीत गेले तर तिथं केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची, शिफारस हवी. केंद्रप्रमुखांकडं शाळा किती आणि त्यांची मोटारसायकल एक, ते कधी कुठं सापडतील हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं.

ते पत्रही मिळालं. मग नावाचं निघालं. पॅनकार्ड लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. आता ऐका. याच शाखेत आमच्या बचत गटाचं खातं आहे. मी त्या गटाची सचिव. त्या खात्यावर माझी सही चालते, आधार तेच, फोटो तोच, बाई तीच. हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "ते खातं वेगळं, ताई." मी काही बोलले नाही, पण बाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा हात थरथरत होते.

इकडं किराणा दुकानदार रोज विचारायचा नाही हे त्याचं मोठेपण. पण उधारीच्या वहीची पानं उलटताना माझ्याकडं बघायचा. स्वयंपाकाच्या बायकांनी एक दिवसही चूल बंद ठेवली नाही. मानधनाचं विचारलं की त्यांना काय सांगायचं याचा मला घरून निघतानाच घोर लागायचा.

मागच्या अध्यक्षांना मुकादमाच्या फोनवर गाठलं. "भाऊजी, तुमची सही लागतीय." ते बिचारे म्हणाले, वहिनी, कागद पाठवा, अंगठासुद्धा देतो. संमतीपत्र लिहून गाडीवाल्याबरोबर धाडलं, ते सही होऊन परत आलं. सांगून ठेवते, तो कागद शेवटी कुणी मागितलाच नाही. अजून माझ्या पिशवीत आहे.

गाडी हलली ती उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, बँक सखीमुळं. ती त्याच शाखेत बसते, बचत गटांची कामं बघते. ती म्हणाली, तोंडी विचारू नको, लिहून दे आणि पोच घे. मग अर्ज केला. सोबत काय काय जोडलं ते लिहिलं, आणि शेवटी एकच मागणी: यापेक्षा आणखी काय लागतं ते लेखी कळवावं, नसेल लागत तर सही बदल करावा. दोन प्रती, आपल्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख. शिक्का द्यायला खळखळ केली. मी खुर्चीवरून उठले नाही. रिझर्व्ह बँकेची २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तिथं तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. हे मी धमकी म्हणून नाही, नुसतं विचारलं: "साहेब, तीस दिवस आजपासूनच धरायचे ना?"

ते दिवस भरायच्या आत सरांना फोन आला, ताईंना सहीला पाठवा. पॅनचा विषय पुन्हा निघालाच नाही.

पहिल्या पीपीएवर सही केली तेव्हा किराण्याची रक्कम होती. दुसऱ्यावर मानधन. टाकी मार्चच्या सुरुवातीला बसली. सभेत मागून बोलणाऱ्या त्या गृहस्थांना मी टाकीचं बिल मुद्दाम वाचायला दिलं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, चारचौघांत.

आठवेल तसं सांगते. बाजाराच्या दिवशी बँकेत जाऊ नका, कुणी मान वर करून बघत नाही. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा. पंचायत समितीत दिलेल्या पत्राचा आवक क्रमांक लिहून घ्या, नाहीतर "आलंच नाही" ऐकावं लागतं. ठरावात नाव आधारकार्डावर आहे तसंच घाला, गावात हाक मारतात ते नको. आणि निवड झाली त्याच आठवड्यात सरांना घेऊन बँकेत जा, त्यांना प्रशिक्षण असलं तरी. जुने अध्यक्ष गावात आहेत तोवरच काम सोपं आहे.

मुख्याध्यापक बदलले तरी हीच सगळी वाट पुन्हा चालावी लागते, हे मला मागाहून कळलं. आमच्या सरांचं नाव यंदा बदलीच्या यादीत येईल म्हणतात. ठरावांच्या सत्यप्रती त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवल्यात, आणि पासपोर्ट फोटोही मागून ठेवलेत. ते म्हणाले, "ताई, अजून ऑर्डर आली नाही." मी म्हटलं, "म्हणूनच."