तुम्ही विचारलंत म्हणून : ऑर्किडला कुंडी कोणती?

"ऑर्किडला मातीची कुंडी घ्यावी की प्लास्टिकची? आणि पाणी दर किती दिवसांनी?" हे दोन प्रश्न जोडीनंच येतात. त्यावर आमचा उलट प्रश्न असतो : घरात पाणी कुठलं येतं?

मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. बादलीला जो पांढरा थर चढतो, तोच मातीच्या कुंडीच्या भिंतीत साचतो. भिंतीतून पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात आणि ऑर्किडची मुळं नेमकी त्याच भिंतीला चिकटून वाढतात. टोकं काळी पडून वाळली की पाणी कमी पडलं असं वाटतं आणि तेच पाणी आणखी ओतलं जातं. म्हणून बोअरवर भागवायचं असेल तर प्लास्टिकची, शक्यतो पारदर्शक कुंडी घ्या. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर डेन्ड्रोबियम जातीच्या ऑर्किडला मातीची छोटी कुंडी छान मानवते. व्हँडा जातीला कुंडीच नको; लाकडी पट्ट्यांची टोपली पुरे.

कुंडी मुळांचा गोळा मावून भोवती बोटभर जागा राहील एवढीच. मोठी घेतली की मधला भाग वाळतच नाही आणि मुळं कुजतात. तापवलेल्या खिळ्यानं बाजूंनाही आठ-दहा भोकं पाडा. आत लोणारी कोळसा आणि नारळाच्या सालीचे तुकडे निम्मे-निम्मे. सालीतही क्षार असतात, त्यामुळे ती दिवसभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदला. काळी माती चिमूटभरही नको, कापसाला ती कितीही मानवत असली तरी.

पाण्याचे दिवस मोजू नका, मुळं बघा. रुपेरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. तपकिरी आणि दाबल्यावर लिबलिबीत लागली तर ती कुजलीत; कापून टाका. सकाळी खालून धार लागेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओता. फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडच्या पानांच्या मध्यात थेंब राहिला तर कापसानं टिपून घ्या, नाहीतर गाभा सडतो. व्हँडाची मुळं बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवावीत. एका झाडाचं पाणी दुसऱ्याला वापरू नये, रोग पसरतो. मे महिन्यात कूलरच्या खोलीतला ओलावा झाडाला बरा, पण थेट झोतात ठेवू नका.

खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी. महिन्यातून एकदा पावसाच्या किंवा आरओच्या गोड्या पाण्यानं कुंडीत साचलेले क्षार धुऊन काढा. आरओ मशीन नळीतून बाहेर टाकतं ते वाया जाणारं पाणी मात्र ऑर्किडला कधीच नाही. वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घालतात, पण सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

पावसाचं पाणी फार लागत नाही. पाच कुंड्यांना प्रत्येकी अर्धा लिटर, आठवड्यातून तीनदा, म्हणजे साडेसात लिटर. मार्च ते मे या तेरा आठवड्यांना शंभर लिटरच्या आत भागतं. गच्चीवरचा पहिला पाऊस वाहू द्या, मग पिंप भरा आणि तोंडाला कापड घट्ट बांधा, डास होतात.