आमची वाटचाल: रेघा, फराटे आणि डाग

आमच्या स्टुडिओतल्या चित्रांत झाड, डोंगर, माणूस असं काही ओळखू येत नाही. रेघा, ठिपके, फराटे, ओरखडे, डाग, एवढाच आमचा माल.

सुरुवात झाडाच्या सालीपासून झाली. खोड आतून जाड होत जातं, वरच्या मेलेल्या सालीला ताणता येत नाही, मग ती तडकते. तो ताण कागदावर आणायचा होता. साध्या निबने रेघ फार शहाण्यासारखी येते. वाळकी काडी शाई धड धरत नाही; रेघ मध्येच कोरडी पडते, पुढे एकदम गळते. म्हणून हत्यारं आजूबाजूची झाली: काड्या, बोरू, पिसं, गवताची जुडी. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरत, त्यामुळे ब्रश नसल्याचं फारसं वाटलं नाही. चित्रकार नसरीन मोहमदींची (१९३७–१९९०) रेखाटनं पाहिल्यावर तर नुसत्या रेघेवर चित्र उभं राहतं याचा धीर आला.

घरच्यांचे हात नंतर आले. आईचा धावदोरा लांबून एकसारखा वाटतो, पण ती दमली की टाके लांबतात. बाबा आकडे इतके दाबून लिहितात की पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर उठाव लागतो. धाकटीच्या गिरगोट्या मनगटातून नाही, खांद्यातून येतात; त्या वयात बोटांवर ताबा नसतो. त्यांची नक्कल केली तर लगेच खोटी दिसते. आम्ही मोठा कागद भिंतीला लावतो आणि उभं राहून सगळा हात फिरवतो. ‘घरचे हात’ ही मालिका अशी झाली, आणि निसर्गाच्या चित्रांपेक्षा तीच जास्त विकली जाते. का, ते गिऱ्हाइकांनाच विचारायला हवं.

धंदा म्हणून मात्र आम्ही भावनेपेक्षा कागदावर जास्त बोलतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), आम्लमुक्त, सुती कागद. स्वस्त कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) राहतं, तो पिवळा पडतो. काळी शाई कार्बनची, कारण डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, बऱ्याच शाया उजेडात विटतात. कोळशाच्या कामावर भुकटी झडू नये म्हणून फिक्सेटिव्हचा फवारा मारतो, आणि फ्रेम करताना काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालतो. प्रिंट मोजकेच, पिगमेंट शाईत (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या), नंबर घालून. मूळ कागदावरचा दाब प्रिंटमध्ये येत नाही, हे विकण्याआधीच सांगतो. काही जण ते ऐकून प्रिंटचा विचार सोडतात, सोडू देत.

‘सोफ्याच्या रंगाला जाईल असं द्या’ ही मागणी येतेच. रंग जुळवून चित्र करत नाही. तयार चित्रांतलं एखादं जुळलं तर खुशाल न्यावं. ‘हे नक्की काय आहे?’ यावर आम्ही हत्यार कोणतं होतं आणि समोर काय होतं एवढंच सांगतो.

ऑर्डर घेताना आमचा प्रश्न एकच असतो: त्या भिंतीवर ऊन किती वेळ येतं?